बेलसरे बाईंचं उणे एक

"हब्बू सर, हे बघा आणि मला सांगा, हे माणसानं लिहिलंय की भुतानं?"

मी उत्तरपत्रिका त्यांच्या पुढ्यात आपटली. हब्बू सरांनी तपकिरीची डबी बंद केली, बोटं धोतराला पुसली आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. एप्रिलची दुपार होती. स्टाफरूमचा पंखा नुसता आवाज करत होता आणि वाऱ्याच्या नावानं बोंब.

"पाच मुळं आहेत," सर म्हणाले. "बरोबर आहेत की."

"बरोबर आहेत म्हणूनच म्हणतेय! पायऱ्या कुठायत?"

ही गोष्ट शहाऐंशी सालची. सोनवडीच्या कॉलेजात मी तेव्हा गणित शिकवत होते. पहिल्या वर्षाची परीक्षा कॉलेजच घ्यायचं, पेपर मीच काढायचे आणि मीच तपासायचे. चौथा प्रश्न दहा मार्कांचा होता, 'पुढील समीकरणाची सर्व मुळे शोधा':

x⁵ − 9x⁴ + 24x³ − 8x² − 33x + 9 = 0

गणिताचं नाव काढल्यावर ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी सांगते. मूळ म्हणजे असा आकडा, की तो x च्या जागी घातला तर सगळ्याची गोळाबेरीज शून्य व्हावी. पाचव्या घाताचं समीकरण असेल तर अशी मुळं पाच, कमी नाही की जास्त नाही. ती शोधायची म्हणजे एकेक आकडा घालून बघायचा, लागला तर भागाकार करून समीकरण एका घातानं खाली आणायचं, मग पुन्हा तेच. दोन पानं सहज जातात. त्रेसष्ट पोरांपैकी चाळिसांनी दोन पानं घालवूनही तीनच मुळं काढली होती. आणि ह्या सत्तेचाळीस नंबरानं कोऱ्या पानावर एकाखाली एक पाच ओळी लिहिल्या होत्या: उणे एक, तीन, तीन, दोन अधिक वर्गमूळ तीन, दोन उणे वर्गमूळ तीन. खाली रेघ. झालं.

"हुशार असेल एखादं पोर," सर म्हणाले.

"बाकीच्या प्रश्नांत हुशारी कुठे गेली मग? हा तिसरा प्रश्न बघा, साधी गुणाकाराची चूक आहे. पहिल्यात निम्मंच लिहिलंय. आणि चौथ्यात एकदम साक्षात्कार? आणि हे समासात काय आहे? नऊ, तीन, सहा, तीन, तीन. ही खूण आहे सर, खूण! कुणीतरी हातावर लिहून दिलेलं आहे."

"बेलसरे बाई, तुम्हाला ना, दुधात पाणी नसलं तरी संशय येतो."

खरं होतं ते. मी दुधाच्या भांड्यावर पेन्सिलीनं रेघ मारायचे. भाजीवाल्याचं माप घरी येऊन पुन्हा तोलायचे. नवरा हसायचा, म्हणायचा, तू लग्नातल्या अक्षतासुद्धा मोजून टाकल्या असशील. पण पेपरच्या बाबतीत मला कुणी हसलेलं खपायचं नाही. स्टेन्सिल मी स्वतः कापायचे. सायक्लोस्टाईल मशिनपाशी स्वतः उभी राहायचे. छापलेले कागद मोजून, लाखेचं सील करून माझ्याच कपाटात ठेवायचे. मग हे फुटलं कसं?

बैठक क्रमांकांची यादी काढली. सत्तेचाळीस: सोनटक्के शालन रखमाजी.

मी नाव पुन्हा वाचलं. रखमाजी सोनटक्के म्हणजे आमचा शिपाई. मशिनचं हँडल फिरवणारा तोच. आणि त्या दिवशी छपाई चालू असताना प्राचार्यांनी मला कसल्यातरी सहीसाठी बोलावलं होतं. दहा मिनिटं मशिन, स्टेन्सिल आणि रखमाजी, तिघंच त्या खोलीत होते.

"सर, सापडलं," मी म्हटलं.

हब्बू सरांनी यादी बघितली आणि तपकिरीची डबी पुन्हा उघडली. "बाई, जरा दमानं घ्या. वीस वर्षांची नोकरी आहे त्याची."

"दमानं घ्यायला मी काय भजी तळतेय? पेपर फुटलाय!"

मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

प्राचार्य कर्पे रसायनशास्त्राचे. माणूस भला, पण भानगड म्हटली की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी घंटी वाजवली आणि रखमाजी आत आला. डोक्यावर टोपी, अंगात कॉलेजचा खाकी शर्ट, हातात ट्रे. त्याला वाटलं पाणी हवंय.

"रखमाजी," प्राचार्य म्हणाले, "पेपर छापताना कागद खराब होतात, त्यांचं काय करतोस तू?"

रखमाजीनं ट्रे खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग प्राचार्यांकडे.

"घरी नेतो साहेब."

मला वाटलं, हा नाही म्हणेल, आढेवेढे घेईल, आणि मग मी त्याला बरोबर कोंडीत पकडेन. सरळ हो म्हणाल्यावर मीच गडबडले.

"कुणाला विचारून?" मी म्हटलं.

"कुणालाच न्हाई बाई. शाई फुटल्याली असती, फेकायचेच की ते. मागची बाजू कोरी असती. पोरगी त्याच्यावर लिव्हती. लई वर्सं झाली."

"आणि यंदाचे? माझ्या पेपरचे?"

"परीक्षेच्या आधीचा कागद मी न्हेत न्हाई. ते मी येगळं ठेवतो, परीक्षा झाल्यावरच न्हेतो."

"सगळेच्या सगळे वेगळे ठेवलेस? एकही घरी गेला नाही? घे शपथ!"

 रखमाजीनं टोपी काढून हातात घेतली.

"शपथ कशी घिऊ बाई? मला विंग्रजी वाचता येत न्हाई. गठ्ठं दोन असत्यात, जुना आन नवा. मी नीट ठेवतो. पण एखादा कागुद हिकडचा तिकडं झालाच नसंल, असं देवाच्या नावानं कसं सांगू?"

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, अहो, ज्याला चोरी करायची असती त्यानं पटकन शपथ घेतली असती. पण तेव्हा मी प्राचार्यांकडे असं बघितलं, जणू कबुलीजबाबच हातात आला होता. प्राचार्यांनी घाम पुसला. रखमाजीला उद्यापासून कामावर यायचं नाही, संस्थेची बैठक होईपर्यंत. मुलीचा निकाल राखून ठेवायचा. पेपर फुटल्याचं ठरलं तर त्याची नोकरी जाणार आणि तिची परीक्षा तीन वर्षं बंद.

"साहेब, माझं काय बी करा," रखमाजी म्हणाला, "पोरीचं नका करू."

आणि जाताना सवयीनं त्यानं प्राचार्यांच्या टेबलावरचा रिकामा पेला उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूमच्या दारात एक मुलगी उभी होती. काळीसावळी, शिडशिडीत, साडीचा पदर कमरेला खोचलेला. पायाशी सिमेंटचं रिकामं पोतं होतं आणि त्यात कागद कोंबलेले. वर्गात ही तिसऱ्या बाकावर बसायची. कधी हात वर केलेला आठवत नव्हता.

"मॅडम, मी शालन सोनटक्के. मला परत प्रश्न घाला."

"काय?"

"तोच नको. नवा घाला. इथं बसून सोडवते. नाही आला तर माझं वर्ष घालवा, पण दादांना कामावर घ्या."

बोलताना तिची नजर खाली नव्हती. मला त्या नजरेचाही रागच आला. म्हटलं, बघतेच.

प्राचार्यांना आणि हब्बू सरांना बोलावलं. शालनला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसवलं. मी स्टाफरूमचं दार आतून लावलं, खिडकीसुद्धा लावली. पाच मिनिटांत नवं समीकरण तयार केलं. तयार कसं करतात तेही सांगते. पेपर काढणारा समीकरणापासून सुरुवात करत नाही. तो आधी मुळं ठरवतो आणि त्यांचा गुणाकार करून समीकरण बनवतो. म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न मागून. कच्चा कागद मी फाडून त्याचे आठ तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले. जगात कुणाला हा प्रश्न ठाऊक असणं शक्य नव्हतं.

केबिनमध्ये जाऊन मी तो तिच्यापुढे ठेवला. x⁵ + x⁴ − 11x³ − 23x² − 8x + 4 = 0.

शालननं समीकरणाकडे बघितलं. ओठ जरा हलले. मग पेन उचललं आणि एकाखाली एक पाच ओळी लिहिल्या. उणे एक, उणे दोन, उणे दोन, दोन अधिक वर्गमूळ तीन, दोन उणे वर्गमूळ तीन. समासात बारीक अक्षरात आकडे होते.

मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

"बरोबर आहे का?" प्राचार्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मी पर्स घट्ट धरली. क्षणभर, खरं सांगते, मला वाटलं की हिनं कुठूनतरी पर्समध्येच बघितलंय!

"आता माझं एक सोडव बाळ," हब्बू सर म्हणाले आणि त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चौथ्या घाताचं एक समीकरण लिहून दिलं.

आता मात्र शालन अडली. तिनं उणे एक घालून बघितलं, साठ उरले. एक घालून बघितलं, शून्य आलं. भागाकार केला. चुकला, खोडला, परत केला. कपाळावर घाम आला. वीस मिनिटांनी एक, पाच आणि दोन काल्पनिक मुळं, अशी चारही निघाली. दीड पान भरलं होतं, प्रत्येक पायरी जिथल्या तिथं. आमच्या वर्गातल्या कुठल्याही बऱ्या पोरानं सोडवलं असतं तसंच.

"छान," सर म्हणाले. "पण मग मॅडमचं चुटकीसरशी आणि माझ्यासाठी वीस मिनिटं? असं का गं?"

शालन माझ्याकडे बघून घुटमळली.

"सांग ना," मी म्हटलं. "घाबरू नकोस." खरंतर घाबरले मीच होते.

"मॅडमची समीकरणं तशीच असतात, सर."

"तशीच म्हणजे?"

"म्हणजे... उणे एक असतंच. आणि शेवटची जोडी कायम दोन अधिक-उणे वर्गमूळ तीन. उरलेली दोन मुळं सारखी असतात. फक्त ती बदलतात." तिनं पेपरातलं समीकरण पाठ म्हणावं तसं सांगितलं. "सगळ्या मुळांची बेरीज दुसऱ्या पदावरून कळते. नऊ होती. उणे एक आणि ती जोडी मिळून तीन. नवातून तीन गेले, सहा उरले. दोघांत वाटले, तीन-तीन. मग घालून बघितलं, शून्य आलं. परीक्षेत दहाच मिनिटं राहिली होती, म्हणून तसं लिहिलं."

नऊ, तीन, सहा, तीन, तीन. माझी खूण!

"पण हे तुला कळलं कसं?" प्राचार्यांनी विचारलं.

शालननं पोतं ओढून घेतलं आणि कागद टेबलावर काढले. शाई फुटलेले, तिरके छापलेले, अर्धवट. सगळे माझे पेपर. एकोणऐंशीचा, ऐंशीचा, एक्याऐंशीचा. मागच्या बाजूला तिचं अक्षर. आधी गोल गोल मोठं, पाढे आणि शुद्धलेखन, मग इंग्रजी शब्द, मग बीजगणित.

"सहावीत असल्यापासून मी ह्याच कागदांवर लिहितेय, मॅडम. लिहून झालं की दुसरी बाजू वाचायची. तेव्हा काही कळायचं नाही. अकरावीत गेल्यावर सोडवायला लागले. सात वर्षांतली सातही सोडवली. प्रत्येक वेळी तेच निघायला लागलं, तेव्हा मला आधी वाटलं माझंच चुकतंय."

हब्बू सरांनी एकेक कागद घेतला. चौथा प्रश्न, चौथा प्रश्न, चौथा प्रश्न. मी शेजारी उभी राहून बघत होते. उणे एक लगेच लागतं आणि ती जोडी गुणायला सोपी, बेरीज चार, गुणाकार एक. दुसरं काही कारण नव्हतं. निव्वळ आळस! कपाटाला दोन कुलपं लावणारी, लाखेची सीलं करणारी मी, दर वर्षी तोच प्रश्न नवं लुगडं नेसवून उभा करत होते, आणि मला पत्ताही नव्हता. हब्बू सर गालात हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"म्हणजे पेपर फुटलाच," सर म्हणाले. "सात वर्षांपूर्वीच फुटला. बाईंनीच फोडला."

शालनला दहापैकी दहा द्यावे लागले. रखमाजी तिसऱ्या दिवशी कामावर आला. मी त्याला व्हरांड्यात गाठून म्हटलं, "रखमाजी, गैरसमज झाला होता." एवढंच. माझं चुकलं, हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. तो "बरं बाई" म्हणाला आणि पाण्याचा माठ भरायला गेला. मला वाटलं, संपलं.

पुढच्या वर्षी छपाई झाली आणि रखमाजी खराब कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. सोबत एक शाळकरी वही.

"मोजून घ्या बाई."

"राहू दे रे. परीक्षेनंतर ने घरी."

"न्हाई. मोजा. मी अकरा लिवल्यात. अकरा हायती का बघा आन सही करा."

मी मोजले. अकरा होते. सही केली. परीक्षा झाल्यावर तो गठ्ठा त्यानं माझ्या डोळ्यांदेखत मागच्या आवारात जाळला. मी म्हटलं, अरे, पाठकोरे आहेत, शालनला ने. तो म्हणाला, "तिला आता वह्या घेतो."

बारा वर्षं हे असंच चाललं. सायक्लोस्टाईल गेलं, झेरॉक्स आलं, हब्बू सर निवृत्त झाले, प्राचार्य बदलले. शालन बीएस्सी झाली, बीएड झाली, श्रीगोंद्याकडच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली. पण दर एप्रिलमध्ये रखमाजी गठ्ठा आणि वही घेऊन यायचाच. एका शब्दानं कधी उणंदुणं काढलं नाही. चहा आणून द्यायचा, पोरांची चौकशी करायचा. फक्त त्या एका दिवशी माझ्यासमोर उभा राहून म्हणायचा, "मोजून घ्या बाई." आणि मी मोजत असताना माझ्या बोटांकडे बघत राहायचा. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

नव्याण्णवच्या एप्रिलअखेर त्याची निवृत्ती होती. शेवटचा पेपर सोमवारी होता. शनिवारी दुपारी तो आला. पाठीत वाकला होता, टोपी तीच.

"मोजून घ्या बाई. चौदा लिवल्यात."

मी मोजले. तेरा भरले. पुन्हा मोजले. बोटाला थुंकी लावून एकेक पान सुटं करून मोजलं. तेराच.

वर बघितलं. रखमाजीचा चेहरा दगडासारखा होता.

"एक माझ्यापाशी हाय," तो म्हणाला. "शालननं मागितलाय. यंदाचा बाईंचा पेपर पाहिजेल म्हणाली."

पेपर सोमवारी होता. आज शनिवार. माझ्या आत ती जुनी बाई ताडकन उठून बसली. शालनच्या शाळेत कुणाचा भाऊ, कुणाची बहीण, कुणाला ठाऊक! मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात माझी नजर त्याच्या वहीवर गेली. बारा सह्या, एकाखाली एक. सगळ्या माझ्या.

मी पेन उचललं. "चौदा. बरोबर." असं लिहिलं आणि सही केली.

रखमाजीनं वही घेतली, डोळ्यांजवळ नेऊन सही बघितली. मग खाकी शर्टाच्या खिशातून चार घड्या केलेला कागद काढला आणि गठ्ठ्यावर ठेवला.

"सोमवारनंतर तुमच्याच हातानं द्या," तो म्हणाला. "आदुगर मी कवाच न्हेत न्हाई."

"रखमाजी," मी म्हटलं. "माझं चुकलं होतं रे तेव्हा. फार चुकलं."

"ठावं हाय," तो म्हणाला. "च्या आणू का?"

सोमवारी पेपर झाल्यावर मी तो कागद त्याच्या हातात दिला. आठेक दिवसांनी श्रीगोंद्याहून एक पोस्टकार्ड आलं. त्यावर मायना नव्हता, खाली सही नव्हती. फक्त पाच ओळी, एकाखाली एक. पहिली उणे एक; माझी ती खोड अजूनही गेली नव्हती. पायऱ्या कुठेच नव्हत्या.

मी लाल पेन शोधून काढलं आणि कार्डाच्या कोपऱ्यात दहापैकी दहा लिहिले.